शिडीवर चढेल त्याच्या खिशात

वर्धा,
६ जुलै २०२५

आदरणीय इलाताई यांना खुशालचा नमस्कार.

पुलगावच्या टॉकीजवरचा मोर, पिसाऱ्यात अकरा पिसं, चोच लाल. हिंगणघाटच्या जिनिंगचं नाव, बत्तीस फूट लांब. आर्वीच्या पेढेवाल्याची परात. नाचणगावच्या दूधवाल्याची गाय, जिच्या शेपटीच्या दोन ट्यूबा आळीपाळीनं लागत आणि शेपटी हलल्यासारखी वाटे. स्टेशनसमोरच्या लॉजचं नाव, दोनदा, कारण पहिलं माकडांनी फोडलं. मेडिकलचे हिरवे क्रॉस किती ते मोजले नाहीत. ज्या बर्नरवर ही काच वळवली तो बर्नरही माझाच, पितळी नळीला भोकं पाडून केलेला. ट्यूबमधली हवा काढून गॅस भरायची आपली जी मशीन आहे, तिच्या बोर्डावरचा किटकॅट बाजारातून आणला तो बसेना. किटकॅट म्हणजे चिनी मातीचा फ्यूज. त्याची डावी कड मी दगडावर घासली, तेव्हा बसला. हे सगळं माझ्या हातचं.

तुम्ही लिहिलं की यंदा दसऱ्याला ‘तेजोमय निऑन’ला साठ वर्षं होतात, कंपनी आता चालवणारा तुमचा भाचा अश्विन स्मरणिका काढतो आहे, तर खुशाल, तूच कंपनीचा इतिहास लिहून पाठव, फोनवर बोललेलं छापता येत नाही. इतिहास म्हणजे काय काय बनलं असं मी धरतो, म्हणून सुरुवात तिथून केली.

तुमच्या पत्रात एक चूक आहे. अण्णाजींनी निऑनची कला वर्ध्यात आणली, असं तुम्ही म्हणता. तुमचे वडील म्हणून तुम्ही म्हणणार. पण अण्णाजी रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी कलकत्त्याहून जुनी मशीन आणली आणि मशीनसोबत मिस्त्री आणला. कला मिस्त्रीची. तो भिंतीकडे तोंड करून काच वळवायचा, कोणी शिकू नये म्हणून. मी १९८६ साली कारखाना झाडायला लागलो. मिस्त्रीसमोर खिडकी होती, तिच्या काचेत त्याचे हात दिसत, पण उलटे. मी उलटंच शिकलो. पुढं कळलं की बोर्डाची अक्षरं मागच्या बाजूनं, उलटीच वळवायची असतात. माझं फावलं. मला कोणी शिकवलं नाही, हे छापायला हरकत नाही.

इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, आपली रेघेला टांगलेली. मिस्त्री रेघेसाठी वेगळी ट्यूब लावी. अख्खा शब्द रेघेसकट एका ट्यूबमध्ये मी पहिल्यांदा वळवला. जिथं उजेड नको तिथं काळा रंग मारायचा, बस्स.

आता अण्णाजींचं जे खरंच अण्णाजींचं आहे ते. नियम. “जो शिडीवर चढल, त्याच्या खिशात किटकॅट.” मेन स्विचचा भरवसा नाही, येणारा-जाणारा कोणीही दाबतो. पण फ्यूज काढून आपल्या खिशात घातला की खालच्यानं मनात आणलं तरी वीज देता येत नाही. तुमचा जीव तुमच्याच खिशात. आपला फिटर नयन, बोरगाव मेघेचा, नवीन माणसाला आधी हेच सांगतो. मी वळवतो, तो लावतो, अशी आमची चोवीस वर्षं गेली. साठ वर्षांत या कंपनीचा एकही माणूस बोर्डावर मेला नाही. हे वाक्य ठळक छापा.

पुढचं लिहून पाठवतो.

खुशाल


पुणे,
१९ जुलै २०२५

प्रिय खुशाल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, मागून वळवल्यासारखं. बाबांबद्दल मला दुरुस्त करायला अख्ख्या वर्ध्यात तूच उरला आहेस, तर करत जा. मिस्त्रीची गोष्ट मला माहीत नव्हती. लग्नानंतर माहेरी यायचे तेव्हा बाबा संध्याकाळी पुलगावला न्यायचे, मोर लागताना दाखवायला. पिसं अकरा होती हे मात्र तूच लक्षात ठेवावंस.

अश्विन म्हणतो, “आत्या, काकांची यादी लांब आहे, थोडी भावना घाला.” त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, पण त्याला नाराजही करू नकोस. त्याने नागपुरात एलईडीचं काम वाढवलं म्हणून बाबांच्या नावाला साठावं वर्ष दिसतंय. नाहीतर निऑन आता कोण लावतं?

एक बदल मी करणार आहे. ‘एकही माणूस मेला नाही’ हे वाक्य शुभप्रसंगी कसंतरी वाटतं. त्याऐवजी ‘सुरक्षिततेची साठ वर्षे’ असं घेऊ. अर्थ तोच.

तुझा आणि नयनचा कारखान्यातला एक फोटो काढून घे. स्वच्छ शर्ट घाला दोघेही.

तुझी,
इलाताई


वर्धा,
२८ ऑगस्ट २०२५

आदरणीय इलाताई,

फोटो राहिला. नयन गेला.

तुम्हाला अश्विनकडून कळलं असेल. तरी मला जे माहीत आहे तेवढं मी लिहितो, जे माहीत नाही ते लिहीत नाही.

सेलूजवळ नवीन लॉन झालं आहे, लग्नसमारंभाचं. त्याचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला होतं. चौदाला दुपारी नयन त्याचा बोर्ड लावत होता. एलईडीची अक्षरं, लोखंडी सांगाडा, वरून झिमझिम. सोबत अश्विननं नागपूरहून पाठवलेली कंत्राटी माणसं होती दोघं. नयन सांगाडा धरून होता तसाच राहिला, मग खाली आला. सेलूच्या डॉक्टरनं तपासून गेल्याचं सांगितलं. ती दोन माणसं संध्याकाळीच नागपूरला निघून गेली, त्यांचे फोन लागत नाहीत. मी तेव्हा कारखान्यात होतो, तिथं नव्हतो.

अश्विन म्हणतो, हार्ट अटॅक. अंगावर भाजल्याची खूण नाही. ओल्या अंगाला कधीकधी खूण राहत नाही, हे मी त्याला सांगितलं. पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरनं मत राखून ठेवलं आहे. पोलिसांच्या पंचनाम्यात नयनच्या शर्टाच्या खिशात एक किटकॅट मिळाल्याचं आहे. मला इथं अडकल्यासारखं झालं. किटकॅट खिशात, तर वीज कुठून आली? आणि वीज नव्हती, तर अश्विन म्हणतो तेच खरं.

त्याची बायको गोपिका तेव्हा बाजारात भाजी विकत होती. निरोप घेऊन मीच गेलो. मला पाहिल्यावर ती म्हणाली, “काऊन भाऊजी, आज कारखाना बंद?” तराजूत भेंडी होती. गिऱ्हाईक समोर उभं. मी गिऱ्हाईकाला जरा थांब म्हटलं, तर तिनं आधी गिऱ्हाईकाची भेंडी पिशवीत ओतली आणि मग विचारलं, “यायले काय झालं?”

तेरवीच्या दिवशी ती एवढंच बोलली, “यायच्या छातीत कधी दुखलं नाई. त्या दिवशी सकाळी वांग्याचं पोतं यायनंच उचलून गाडीवर टाकलं. चहा पिऊन गेलते.” मुलगी आचल बी.एस्सी.ला आहे, दुसऱ्या वर्षाला. ती दिवसभर नुसती भांडी घासते.

इतिहास पुढं लिहिला नाही.

खुशाल


पुणे,
४ सप्टेंबर २०२५

प्रिय खुशाल,

काय लिहू? नयनला मी दोन-चारदाच भेटले असेन, पण दरवेळी तो शिडीच्या टोकावरून खाली वाकून “ताई, कवा आल्या?” असं विचारायचा. तेवढंच आठवत राहतं. गोपिकाला माझं नाव सांग. मी तिला पत्र लिहायला घेतलं होतं, दोन ओळींपुढे गेलं नाही.

अश्विन फार हादरला आहे. रोज फोन करतो. त्याला उगाच दोष लावून घेऊ नको म्हणून मी समजावते. तो त्या दिवशी सेलूत नव्हताच, नागपुरात होता. लॉनवाल्याचे त्याला सारखे फोन येत होते, उद्या उद्घाटन आहे आणि बोर्ड कुठे म्हणून. अश्विनने त्या मुलांना फोन करून फक्त एवढंच म्हटलं की लागला असेल तर व्हिडिओ पाठवा, मालकाला दाखवतो. व्हिडिओ आला, आणि पाच मिनिटांत ती बातमी आली. त्याला अजून तो व्हिडिओ बघवत नाही.

तू लिहिलंस की तुला अडकल्यासारखं झालं. मला उलट त्या फ्यूजने धीर आला. खिशात किटकॅट, म्हणजे बाबांचा नियम त्याने शेवटच्या क्षणापर्यंत पाळला. वीज बंद होती, त्याची वेळच आली होती. स्मरणिकेत नयनवर एक पान द्यावं असं माझ्या मनात आहे, आणि ते या फ्यूजवरच लिहावं. तूच लिही. तुझ्याइतकं नेमकं कोणाला जमणार?

तुझी,
इलाताई


वर्धा,
१२ सप्टेंबर २०२५

आदरणीय इलाताई,

नयनवर पान मी लिहीन. पण तुम्ही म्हणता तसं ते होणार नाही. का, ते ओळीनं सांगतो.

पोलिसांनी मला ओळख पटवायला बोलावलं. अश्विनही आला होता. हवालदारानं टेबलावर वस्तू मांडल्या. घड्याळ, टेस्टर, चुन्याची डबी, किटकॅट. किटकॅटची डावी कड घासलेली आहे. माझ्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं तोच, आपल्या मशीनचा. मी म्हटलं, “हा सेलूचा नाही, आमच्या कारखान्यातला आहे.” अश्विन लगेच म्हणाला, “काका, सगळे सारखेच दिसतात. साईटवरचा असेल. जबाबाच्या दिवशी बघू.” हवालदारानं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पाकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी सेलूला लॉनवर जाऊन विजेचा डबा पाहिला. नवीन डबा. आत ओळीनं खटके, एमसीबी. फ्यूज बसवायला जागाच नाही. कुलूपही नाही, रस्त्यावरच्या पोरानंही उघडावा.

म्हणजे नयनच्या खिशातल्या किटकॅटनं तिथली कुठलीच वीज तुटत नव्हती.

मग तो खिशात का होता, हे मला माहीत आहे. एलईडीच्या साईटवर खिशात घालायला काही नसतं. आपली मशीन महिनोन्महिने बंद असते, तर हा गडी तिचा किटकॅट काढायचा आणि घेऊन जायचा. मी एकदा पकडलं.

“काऊन बे, हा कायले घेऊन चालला? त्या डब्याचा न् याचा काय संबंध?”

“खिसा खाली असला की पाय थरथरते, भाऊ.”

“मंग एखादं नारळ बी ने.”

“नारळ खिशात मावत नाई,” म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून मी त्याला ‘नारळवाला’ म्हणायचो. तोही हसायचा. चौदा तारखेला सकाळी निघताना त्यानं मला खिसा वाजवून दाखवला होता.

आता तुमच्या पत्रातलं. तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. व्हिडिओ आला, म्हणता. न पेटलेल्या बोर्डाचा व्हिडिओ कोणी मालकाला दाखवत नाही. म्हणजे नयन वर असताना खालच्यानं खटका वर केला. तो केला अश्विनचा फोन आला म्हणून. अश्विनला ठाऊक होतं का नयन वर आहे, हे मला माहीत नाही. तुम्ही त्याला विचारा, ताई. तुम्हाला तो खोटं सांगणार नाही.

मला त्याला जेलात घालायचं नाही. त्याला मी खांद्यावर घेऊन मोर दाखवला आहे. पण त्याची माणसं रोज कुठं ना कुठं वर चढतात. निदान प्रत्येक डब्याला कुलूप आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात, एवढं त्यानं लिहून द्यावं. आणि नयन कशानं गेला ते सांगावं.

खुशाल


पुणे,
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय खुशाल,

अश्विन परवा इथे येऊन गेला. मी विचारलं. तो बोलला. काय बोलला ते मी कागदावर लिहीत नाही. लिहिलं तर ते तुझ्याकडे राहील, आणि तू काही फाडणारा माणूस नाहीस.

त्याची मुलं लहान आहेत, खुशाल. गुन्हा दाखल झाला तर सरकारी कामं बंद होतील, बँक मागे लागेल, आणि साठ वर्षांचं नाव एका महिन्यात पुसलं जाईल. कुलुपं तो लावेल. लिहून देणार नाही, कारण लिहून देणं म्हणजे आधी नव्हती हे कबूल करणं, असं त्याचा वकील म्हणतो.

तुझा जबाब तीस तारखेला आहे. खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही. मी बाबांची मुलगी आहे. तू फक्त म्हण की फ्यूज नक्की ओळखता येत नाही. असे हजारो असतात. खात्री नाही, एवढंच म्हण.

अश्विनने जे द्यायचं ठरवलं आहे ते तुला कळवायला मला सांगितलं आहे. मशीन, बर्नर, सगळ्या काचा आणि ‘तेजोमय निऑन’ हे नाव तुझ्या नावावर. तो आपलं एलईडीचं काम वेगळ्या नावाने करेल. त्याशिवाय रोख रक्कम, ती तो तुला स्वतः सांगेल, आणि तिच्यातला एक भाग गोपिकाचा. पण दोन्ही एकत्र, तू हो म्हटलंस तरच, एकट्या तिला नाही. गोपिकाशी तो बोलला आहे. ती तयार आहे.

चाळीस वर्षं जी गोष्ट तुझी होती ती कागदावरही तुझी होईल. मला वाटतं बाबांनाही हेच आवडलं असतं. मला खरंच तसं वाटतं की नाही, हे मला विचारू नकोस.

इला


वर्धा,
३ ऑक्टोबर २०२५

आदरणीय इलाताई,

काल दसरा झाला. दरवर्षी मशीनला हळदकुंकू वाहतो. काल कारखान्याला कुलूप होतं, अश्विननं परवाच नवीन घातलं. बाहेरूनच झेंडूचं फूल कडीला अडकवून आलो. मशीन भंगारात जाणार असं शेजारचा पानठेलेवाला सांगत होता. बर्नर आत राहिला.

एकोणतीसला संध्याकाळी गोपिका घरी आली. बसली नाही.

“भाऊजी, ओळखू येत नाई म्हणाले तं काय जाते तुमचं?”

“मीच घासला तो, वहिनी.”

“घासला असन. तुमच्या घासण्यानं माह्या घरात चूल पेटते काय?”

मी म्हटलं, विजेनं गेला हे ठरलं तर कामगार कोर्टात हक्काचं मिळेल, या पैशापेक्षा जास्त मिळेल, मी स्वतः खेटे घालीन.

“कवा?”

मी खुर्ची तिच्यापुढं सरकवली.

“सांगा ना. तुमाले तं सगळंच बराबर मालूम असते. कवा?” मग दारातून मागं वळून म्हणाली, “ते मेले हे मले मालूम आहे. कायनं मेले ते मालूम करून मी काय करू?”

आचल तिच्यासोबत होती. तिनं मात्र जाताना विचारलं, “काका, बाबानं खिसा वाजवलता ना त्या दिवशी?” मी हो म्हटलं. गोपिकानं तिचा दंड धरून ओढत नेलं.

तीसला मी जबाब दिला. फ्यूज कुठला, कड कोणी घासली, सेलूच्या डब्यात काय आहे, व्हिडिओचं तुमच्या पत्रातून कळलं तेही. तुमचं पत्र मागितलं तर द्यावं लागेल. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून लिहितो. गोपिका बाहेर बाकावर बसली होती. मी आलो तशी उठून गेली. काल बाजारात तिच्यापुढं उभा राहिलो, तर माझ्यामागून आलेल्यांचं तोललं आणि माझी पिशवी तशीच राहिली.

मी का ऐकलं नाही, असं तुम्ही विचाराल. खात्री नाही असं मी म्हटलं असतं तर नयन आपल्या मरणानं मेला असं ठरलं असतं, आणि सेलूचा डबा तसाच राहिला असता. तो अजून तसाच आहे, मी पाहून आलो. हे एक. दुसरं असं की माझ्या हातचं मला ओळखू येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. यातलं किती नयनसाठी आणि किती माझ्यासाठी, ते मला वेगळं काढता येत नाही. गोपिकाला ते येतं.

स्मरणिका निघणार नाही, हे कळलं. तरी तुम्ही इतिहास मागितला होता, तो अर्धा ठेवणं मला जमत नाही. शेवटचं पान असं आहे.

‘तेजोमय निऑन’, वर्धा, स्थापना १९६५. नियम: जो शिडीवर चढेल त्याच्या खिशात किटकॅट. पहिल्या पत्रातलं ठळक वाक्य बदला. साठ वर्षांत कंपनीचा एक माणूस बोर्डावर मेला. नयन, फिटर, सेलू, १४ ऑगस्ट २०२५. खिशात किटकॅट होता. तो त्या बोर्डाचा नव्हता.

कारखान्यातला वळवणारा खुशाल, याला मशीन, बर्नर, काचा, ‘तेजोमय निऑन’ हे नाव आणि रोख रक्कम देऊ केली होती, फ्यूज ओळखता येत नाही एवढं म्हणण्याबद्दल. त्यानं नाही म्हटलं. रक्कम नऊ लाख, त्यातले चार गोपिकाचे.

खुशाल